गोड कमी-जास्त का लागतं, अन् वजनाशी त्याचा काय संबंध: नेहमी येणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांसोबत साखरपाण्याचा एक प्रयोग केला (तो खाली शेवटच्या प्रश्नात सांगितलाय), पोरांनी घरी जाऊन काय सांगितलं कोणास ठाऊक, पण तेव्हापासून पालकांचे, आशाताईंचे, किराणा दुकानदारांचेसुद्धा मेसेज येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. ज्याने जसा विचारला तसाच प्रश्न ठेवलाय.

१. मॅडम, गोड लागते म्हणजे जिभेवर नेमकं होते काय?

जिभेवर जे बारीक बारीक उंचवटे दिसतात त्यांच्यात चवीच्या कळ्या असतात, एकेका कळीत साधारण ५० ते १०० पेशी. त्यातल्या काही पेशींच्या टोकावर गोड ओळखणारं एक कुलूप असतं असं समजा, साखर त्यात बसली की पेशी मेंदूला निरोप धाडते. हे कुलूप दोन प्रोटीनच्या जोडीचं असतं आणि ती प्रोटीनं कशी बनवायची हे दोन जीनमध्ये लिहिलेलं असतं, टीएएस१आर२ आणि टीएएस१आर३. दोन्ही आपल्या १ नंबरच्या गुणसूत्रावर आहेत. २००१ च्या आसपास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे जवळपास एकाच वेळी शोधून काढलं. साखर, गूळ, मध, सॅकरिन, स्टीव्हिया, सगळ्यांसाठी कुलूप हेच.

जीन बिघडली तर काय होतं ते पाहायचं असेल तर घरच्या मांजरीकडे पाहा. मांजरीच्या कुळात टीएएस१आर२ पार निकामी झालेली आहे, म्हणून तिला गोड कळतच नाही. ती पेढ्याला तोंड लावते ते खव्यातल्या दुधा-तुपासाठी. बैलाला मात्र गोड कळतं, पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी तो कसा ओढून घेतो ते आपण पाहतोच.

आणि जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा जुन्या पुस्तकांत होता तो चुकीचा आहे, गोड जिभेवर सगळीकडे कळतं.

२. मले चहात दोन चमचे लागते अन् घरच्या बाईले अर्धा पुरते, असं काहून?

थोडं जीनमुळे, बरंचसं सवयीमुळे. जीन ए, टी, जी, सी अशा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. टीएएस१आर३ ही जीन जिथून चालू-बंद होते तिथं दोन जागा अशा आहेत की काही लोकांत तिथं सी हे अक्षर असतं आणि काहींत टी. २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात दिसलं की टी वाल्यांना फिकं साखरपाणी ओळखायला जड जातं. म्हणजे तुमच्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात. पण जुळ्या भावंडांवर अभ्यास झालाय, २०१५ चा, त्यात असं निघालं की गोड किती तीव्र लागतं यातला माणसामाणसांतला फरक जीनमुळे जवळपास ३० टक्केच समजावता येतो. उरलेलं सगळं वय, सवय, तंबाखू, औषधं, लहानपणी घरात काय मिळालं, यात येतं.

चहा किती गरम आहे याचाही फरक पडतो बरं का. गोडाचा निरोप पुढे नेणारी यंत्रणा गरमीत जास्त जोमानं चालते, म्हणूनच वितळलेली कुल्फी घट्ट कुल्फीपेक्षा गोड लागते. वावरात डब्यासोबत नेलेला चहा थंडा झाला की फिका वाटतो आणि माणूस म्हणतो उद्या साखर वाढव. साखर तेवढीच असते.

३. जीन म्हणजे सिकलसेलसारखंच ना? आईबापात असलं की लेकरात येणार?

हा प्रश्न विदर्भातच येणार, कारण आपल्याकडे सिकलसेलमुळे (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) लोकांना जीन हा शब्द घरच्या दारात येऊन भेटलाय. पण दोन्हीत मोठा फरक आहे. सिकलसेल एकाच जीनचा खेळ आहे, आईकडून एक अन् बापाकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तर आजार, एकच आली तर माणूस वाहक. तपासणीनंतर मिळणारं लाल कार्ड, पिवळं कार्ड असा स्पष्ट हिशोब.

वजनाचं तसं नाही. २०१८ मध्ये सुमारे ७ लाख लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा उंचीच्या मानानं वजन किती यावर परिणाम करणाऱ्या ९०० पेक्षा जास्त जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून लोकांमधल्या फरकापैकी फक्त ६ टक्क्यांच्या आसपास समजावतात. म्हणजे प्रत्येक जागा चिमूटभर. म्हणून "त्यांच्या घराण्यात जाडपणा हाय" म्हणून पोरीला नाकारायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी एका घरात पाहिलंय, त्याला विज्ञानात काडीचा आधार नाही. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करा, ती खरंच गरजेची आहे. पोरीच्या कंबरेकडे पाहून घराण्याचं रक्त तपासू नका.

४. मग ज्याच्यात गोडाची जीन हाय तो जाड होणार, खरं का?

नाही. आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांब लिहिते.

गोड लागणं, गोड आवडणं आणि गोड खाणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण तिन्हींना एकच समजतो. जीभ काय सांगते ते पहिलं. मेंदूला त्यातून किती सुख मिळतं ते दुसरं, यात जीनचा वाटा जरा जास्त आहे, २००७ च्या जुळ्यांवरच्या अभ्यासात आवडीतला जवळपास अर्धा फरक जीनमुळे दिसला. आणि तिसरं म्हणजे प्रत्यक्षात पोटात किती गेलं, तिथं जीनसोबत डब्यात किती आहे, हातात पैसे किती, घरी चहा कोण करतं, हे सगळं येतं. वजन तर त्याच्याही पुढची पायरी, कारण गोड खाऊनही दिवसभर निंदण-डवरणी करणारी बाई अन् दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस सारखे नसतात. प्रत्येक पायरीवर धागा बारीक होत जातो, चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत जिभेच्या जीनचा परिणाम फार थोडा उरतो.

अभ्यासही असंच सांगतात. टोरांटोमध्ये २०१० साली टीएएस१आर२ च्या एका प्रकारावर काम झालं, त्यात ज्यांचं वजन जास्त होतं त्यांच्यात हा प्रकार असलेले लोक साखर कमी खाताना दिसले, पण सडपातळ लोकांत काहीच फरक दिसला नाही. काही ठिकाणी जाड लोकांना गोड जास्त आवडतं असं निघालं, काही ठिकाणी अजिबात नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्याकडे चहा एकाच गंजात (पातेल्यात) होतो. सहा माणसं, एक गंज, आणि साखर कोणाच्या जिभेनं पडते? ज्याला सगळ्यात जास्त गोड हवं असतं त्याच्या. फिका चहा झाला की तो बोलतो, गोड झाला तर बाकीचे काही बोलत नाहीत, पिऊन टाकतात. म्हणजे जीन एकाची अन् साखर सहा जणांच्या पोटात! सासू-सासरे, सून, लेकरं, सगळे एका माणसाच्या जिभेचा चहा पितात आणि मग वर्षभरानं सुनेचं वजन वाढलं की म्हणतात तिच्या माहेरचं रक्तच तसं. मला याचा खरंच राग येतो. साखर वरून घ्यायला लावा, ज्याची त्यानं. एवढं एक केलं तरी त्या घरापुरता जीनचा प्रश्न बराचसा सुटतो.

५. घरात साखर जास्त जाते का कमी, हे ओळखायचं कसं?

किराण्याची यादी काढा. पाच माणसांच्या घरात महिन्याला ८ किलो साखर येत असेल तर ८००० भागिले ५, भागिले ३०, म्हणजे एका माणसाला दिवसाला ५३ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर (गूळ, मध त्यातच धरून) रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांच्या, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत असली तर आणखी चांगलं. २५ ग्रॅम म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. दोन चमच्यांचे तीन चहा झाले की संपलं. या ५३ मध्ये बिस्किटं, थंडा, तेरवीची बुंदी, रसवंतीवरचा रस धरलेलाच नाही.

६. मग लठ्ठपणाची खरी जीन कोणती?

जिच्याबद्दल सगळ्यात पक्की माहिती आहे ती एफटीओ, २००७ मध्ये सापडली, १६ नंबरच्या गुणसूत्रावर. तिची वजनवाढ करणारी प्रत आईकडून अन् बापाकडून अशा दोन्ही बाजूंनी आलेली माणसं सरासरी ३ किलोनं जड भरली. मजा अशी की या जीनचा जिभेशी संबंध नाही, तो भूक आणि पोट भरल्याची जाणीव याच्याशी आहे. म्हणजे गोड आवडतं म्हणून नाही, तर जेवण कुठं थांबवायचं हे उशिरा कळतं म्हणून.

२०११ मध्ये २ लाखांपेक्षा जास्त लोकांच्या माहितीवरून असंही दिसलं की शारीरिक हालचाल करणाऱ्यांत या जीनचा परिणाम सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. जीन तीच राहते, जोर कमी होतो.

७. मायं लेकरू साखरेच्या डब्यातच हात घालते, पुढे जाड होईन का?

लहान लेकराला गोड आवडणं हे निसर्गानंच ठेवलंय. जन्मल्या दिवशीच बाळाला गोड कळतं आणि आवडतं, आईचं दूध गोडसर असतं ते उगाच नाही. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड हवं असतं आणि वयात येता येता ती ओढ आपोआप उतरते. तेव्हा "गोडखाऊ" म्हणून त्याच्यावर शिक्का मारू नका.

पण एक गोष्ट मनावर घ्या. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून साखर रेशनवर होती, १९५३ च्या सप्टेंबरात रेशन उठलं आणि साखरेचं खाणं एकदम जवळपास दुप्पट झालं. त्याच्या आधी अन् नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना २०२४ मध्ये छापून आली. पोटात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांना रेशनची साखर मिळाली त्यांच्यात मोठेपणी शुगरचा आजार सुमारे ३५ टक्के अन् बीपी सुमारे २० टक्के कमी. दोन्हीकडची माणसं त्याच देशातली, जीन सारखेच, फरक फक्त साखर मिळण्यात.

त्यामुळे दोन वर्षांच्या आत वरून साखर नको. दुधात नको, वरण-भातात नको, रडलं म्हणून बोट चाटवायला तर अजिबात नको. आजीला वाईट वाटेल, तिला प्रेमानं सांगा, केळ द्या, संत्र्याची फोड द्या, हंगामात सीताफळ द्या.

८. गूळ तर चालते ना? तो तर गावरान हाय.

जिभेच्या कुलपाला आणि पोटाला गूळ म्हणजे साखरच. रंग, वास, थोडं लोह वगैरे वेगळं, पण एका ग्रॅममागं ऊर्जा जवळपास तेवढीच, ४ कॅलरीच्या थोडी आत. उलट गुळाचा खडा चमच्यापेक्षा मोठा पडतो. चवीसाठी खा, औषध समजून नको.

९. साखर कमी केली तर जीभ बदलते का, का जन्मभर फिकाच चहा प्यायचा?

चवीच्या पेशी काही जन्मभराच्या नसतात, सरासरी दहा-बारा दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. २०१६ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात काही लोकांनी तीन महिने साखर बरीच कमी केली. दुसऱ्या महिन्यापासून त्यांना तीच खीर जास्त गोड लागायला लागली, तिसऱ्या महिन्याला सुमारे ४० टक्के जास्त. जीन तीच, जीभ तीच, पण माप सरकलं. आवड मात्र तशीच राहिली, म्हणजे गोड आवडायचं थांबलं नाही, फक्त कमीत भागायला लागलं. (लागणं आणि आवडणं वेगळं, ते प्रश्न ४ मध्ये आहे.)

एकदम बंद करू नका. दोन चमचे असतील तर आठ-पंधरा दिवस पावणेदोन, मग दीड. आमच्या घरी मी चमचाच बदलला, मोठा ठेवून दिला आणि मिठाच्या बरणीतला छोटा साखरेच्या डब्यात टाकला, कोणाला काही सांगितलं नाही. सणाची पुरणपोळी मात्र जशी असते तशीच करते.

१०. मग शुगर-फ्री गोळ्या टाकू का चहात?

शुगरच्या पेशंटनं डॉक्टरला विचारून घ्याव्यात, तो विषय वेगळा. पण फक्त वजन कमी करायला म्हणून असतील तर जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वजनासाठी यांच्यावर विसंबू नका, लांब पल्ल्यात फायदा दिसत नाही. त्या गोळ्या त्याच कुलपात बसतात (प्रश्न १), म्हणून प्रश्न ९ मध्ये सांगितलेलं माप सरकायचं काम यातून होईल याची खात्री नाही. माझं मत विचाराल तर चमचा कमी करणं सोपंही आहे अन् फुकटही.

११. गुडमारची पानं चावली की गोड लागतच नाही म्हणते, खरं हाय का?

खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. गुडमार, कोणी मधुनाशिनी म्हणतं, वेल असते. पान नीट चावून थुंकलं आणि वरून साखर टाकली तर तोंडात रेती टाकल्यासारखं वाटतं, कण टोचतात पण गोडी नाही. पानातलं जिम्नेमिक आम्ल गोडाच्या कुलपाला अडवून बसतं, अर्धा-पाऊण तासात परत सगळं ठीक. खारट, आंबट तसंच लागत राहतं, म्हणजे अडवणूक फक्त गोडाची.

पण शुगरच्या गोळ्या बंद करून पानं खाऊ नका. गोळीसोबत खाल्ली तर शुगर जास्त उतरू शकते, डॉक्टरला सांगितल्याशिवाय नको.

१२. बाबांले आता काहीच गोड लागत नाही, साखर वाढवतच रायले. हे बी जीनमुळं का?

नाही, जीन म्हातारपणी बदलत नाही. वयानं चव आणि वास दोन्ही मंदावतात, काही औषधांनी तोंडाची चव जाते, झिंक कमी पडलं तरी जाते. आणि आपल्याकडे खर्रा! सुपारी-तंबाखू-चुना दिवसभर गालात धरून ठेवला तर तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडायला त्रास होतो आणि चवही बोथट होते. बाबा खर्रा खात असतील आणि तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर साखरेचा विचार नंतर, आधी तोंड दाखवा, ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

१३. मी तर बारीक हावो, मले शुगर कशी निघाली?

हे आपल्या लोकांत फार होतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१ टक्के. काटा सारखा, आतला माल वेगळा. याज्ञिकांनी हेही दाखवलंय की आपली बाळंसुद्धा जन्मतः कमी वजनाची असून चरबीच्या मानानं भरलेली असतात.

म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप घ्या, पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत. हातपाय काडीसारखे अन् पोट पुढे, अशा माणसानं स्वतःला बारीक समजू नये.

१४. एखादी जीन उलटं काम करते असं बी असते का?

असते, आणि यामुळेच "गोडाची जीन म्हणजे जाडपणा" हे समीकरण मोडतं.

एफजीएफ२१ नावाची जीन आहे, लिव्हरमधून एक हार्मोन सोडते. तिचा एक प्रकार असलेले लोक गोड जास्त खातात हे पक्कं दिसलंय, पण त्याच लोकांत अंगातली एकूण चरबी किंचित कमी असते. मात्र जी आहे ती कंबरेवर जास्त बसते आणि बीपीही जरासं वर असतं.

दुसरी एमसी४आर. ही बिघडली तर लहानपणापासून खूप भूक आणि खरा लठ्ठपणा येतो, हा क्वचित दिसणारा एका जीनचा लठ्ठपणा, सिकलसेलच्या हिशोबाजवळ जाणारा. केंब्रिजमध्ये २०१६ साली अशा लोकांना वेगवेगळी ताटं दिली तर त्यांनी तेला-तुपाचं जास्त खाल्लं अन् गोड मात्र इतरांपेक्षा कमी आवडलं. म्हणजे जीनमुळे लठ्ठ, पण गोडाची ओढ कमी.

तिसरी ग्रीनलँडची. तिथल्या काही लोकांत साखर फोडणारं पाचकद्रव्यच बनत नाही. लहानपणी साखरेनं पोट बिघडतं, पण मोठेपणी त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी असतं. जीभ ठणठणीत, साखर आतड्यातच अडते.

१५. जीन टेस्टची जाहिरात येते, करून घेऊ का?

गोडाची आवड किंवा वजन यासाठी नको. रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच आहे. अपवाद एकच: लेकरू पाच वर्षांच्या आतच खूप जाड झालं, भूक आवरतच नाही, वाढ किंवा शिकणं मागे पडतंय, तर मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागात दाखवा, तिथं डॉक्टर सांगतील तरच टेस्ट. (प्रश्न १४ मधली एमसी४आर त्यातलीच.)

१६. तो पाच ग्लासांचा प्रयोग घरी कसा करायचा?

पाच तांबे, प्रत्येकात एक लिटर पिण्याचं पाणी. पहिल्यात काही नाही, मग अर्धा, एक, दोन आणि चार छोटे सपाट चमचे साखर. पूर्ण विरघळू द्या, तांब्याखाली चिठ्ठी ठेवा आणि क्रम बदला. पिणाऱ्यानं तासभर आधी चहा, बडीशेप, खर्रा काही खायचं नाही, दोन घोटांमध्ये साध्या पाण्यानं चूळ भरायची. कितव्या तांब्यात "काहीतरी आहे" वाटलं आणि कितव्यात "गोड आहे" असं नक्की वाटलं, दोन्ही लिहायचं.

आमच्या वर्गात बहुतेकांना एका किंवा दोन चमच्यांत कळलं. अर्ध्या चमच्याचं पाणी एकाच मुलीनं ओळखलं, जिला सगळी पोरं जाडी म्हणून चिडवत होती. आणि वर्गातला सगळ्यात काटकुळा पोरगा चार चमच्यांचा ग्लास रिकामा करून म्हणाला, "मॅडम, हे सादंच पाणी हाय ना?" मी चिठ्ठी उलटून दाखवली तर पोरं एकदम गप्प झाली, आणि ती मुलगी उठून म्हणाली, परत एकदा क्रम बदलून द्या, मी परत ओळखते. दिला. तिनं परत ओळखलं.